एकवीस नंबरचं तेल

पावडरचा डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आत काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं, आणि शेवटी एकच शब्द असतो, परफ्यूम. बस. त्या एका शब्दात कधी पंचवीस जिनसा असतात, कधी साठ. त्या कोणी हुंगल्या, कोणी मोजल्या, हे कुठल्याच डब्यावर नसतं. मी त्या एका शब्दाच्या आत सव्वीस वर्षं नोकरी केली.

मंडळाची पोरं म्हणाली, "आप्पा, दिवाळी अंकात तुमच्या कामाचं लिहा." मी चौथी नापास माणूस. पण म्हटलं, लिहितो. शुद्धलेखन तुम्ही बघा, बाकी कशाला हात लावू नका. माझ्या वाक्यांना कात्री लावलीत तर पुढच्या गणपतीला मी मांडवात पाय ठेवणार नाही. ती पोरं मला ओळखतात.

आमच्या अमळनेरकडचा माणूस सुरतेत आला की लूमवर जातो, नाहीतर डाइंगला, कापड रंगवायला. मीही लूमवरच जाणार होतो. पण भेस्तानच्या एका कारखान्यात चार दिवस हमालीला गेलो, तिथे ड्रम उतरवता उतरवता बोलून गेलो, "शेठ, हा मागच्या खेपेचा माल नाही. यात काहीतरी पातळ मिसळलंय." ड्रमचं बूच अजून उघडलेलं नव्हतं. कडेला जे ओलं लागलं होतं तेवढंच माझ्या हाताला लागलेलं. शेठने बूच काढून हुंगलं, माझ्याकडे बघितलं, परत हुंगलं. माल परत गेला आणि मी तिथेच राहिलो.

आमचा कारखाना साबण करत नव्हता, पावडर करत नव्हता, क्रीम करत नव्हता. या सगळ्यांत घालायचा वास करत होता. त्याला कंपाउंड म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, गुलाबाचा वास म्हणजे गुलाब. अहो, गुलाबाचं खरं तेल पावडरीत घातलं तर तो डबा तिजोरीत ठेवावा लागेल. आम्ही पंधरावीस जिनसा एकत्र करून गुलाब उभा करायचो. मोगऱ्यात काय घालावं लागतं सांगू? एक अशी जिन्नस आहे की तिचा डबा उघडला तर माणूस म्हणेल कोणाच्या तरी गोठ्यात आलो. पण ती चिमटीच्या चिमटीएवढी घातली नाही तर मोगरा प्लास्टिकचा वाटतो. मला याचं फार नवल वाटायचं. अजूनही वाटतं. चांगल्या वासाच्या पोटात थोडी घाण लागते.

टिपकागदाची लांब पट्टी असते. तिचं टोक कंपाउंडात बुडवायचं आणि हुंगायचं. लगेच येतो तो वास उडून जाणारा, लिंबू, संत्रं असला. मग पट्टी ठेवून द्यायची, जेवून यायचं, परत हुंगायचं. आता फुलं येतात. दुसऱ्या दिवशी हुंगायचं, तेव्हा तळाचा वास येतो, लाकडाचा, कस्तुरीचा. गिऱ्हाईक पहिल्या वासावर डबा विकत घेतं आणि तिसऱ्या वासावर परत येतं, हे मी शेठला सांगितलेलं वाक्य आहे. शेठ ते सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगायचा.

किरीटशेठ माणूस चांगला, पण संशयी. कंपाउंडची कृती चोरीला गेली तर धंदा गेला. म्हणून माल आला की प्रत्येक डब्यावरचं मूळ लेबल झाकायचं आणि वर नंबरची चिठ्ठी चिकटवायची. कृतीच्या कागदावर फक्त नंबर. सात नंबर इतकं, तीस नंबर इतकं. ही चिठ्ठी चिकटवायचं काम माझं. सगळ्यांत विश्वासाचा माणूस मी, कारण मला इंग्रजी वाचताच येत नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी म्हणायचो, लेबलं वाचणारे पुष्कळ आहेत, डबा वाचणारा मी एकटा.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. इच्छापोरकडून एकजण ओठांना लावायच्या मलमासाठी आला. म्हणाला, स्ट्रॉबेरी पाहिजे. आता ओठाला लावायचं म्हणजे अर्धं पोटात जाणार, म्हणून त्याच्या जिनसा खाण्याच्या जातीच्याच लागतात, आणि नुसता वास चालत नाही, जिभेला चवही लागते. ते सगळं ठीक, पण मी तोवर स्ट्रॉबेरी पाहिलेली नव्हती. त्या माणसाला समोर बसवून मी विचारत गेलो. आंबट आधी लागतं का गोड? बिया दाताखाली येतात का? दुधासारखी वाटते का पाण्यासारखी? चार दिवसांत करून दिली. तीन वर्षांनी महाबळेश्वरला जाऊन आलेल्या कोणीतरी खरी आणून दिली. खाल्ली. हिला वास कमी होता.

दुसरा एक केस काढायच्या क्रीमवाला. त्या क्रीमला मुळातच सडक्या अंड्याचा वास. तो म्हणाला, "वर गुलाब टाका." मी म्हटलं, "शेठ, गुलाबाच्या बागेत अंडं फुटल्यासारखं होईल." त्याने ऐकलं नाही. टाकला गुलाब. महिन्याने तोच म्हणत आला, "आप्पा, बागेत अंडं फुटलं."

आणि एक प्रसंग पांढऱ्या क्रीमचा, तो नीट सांगतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. एका गिऱ्हाइकाची क्रीम दुकानात ठेवली की पिवळी पडे, मग चहासारखी होई. तो आमच्याकडे येऊन बोलला, "तुमच्या माणसांचे हात घाण आहेत." माझे हात घाण! दिवसाला पन्नास वेळा साबणाने हात धुणारा माणूस मी, कारण एका वासाचा हात दुसऱ्याला लागला तर दोन्ही गेले. मी त्याच्याच क्रीमच्या दहा बरण्या भरल्या. प्रत्येकीत कंपाउंडातली एकेक जिन्नस घातली आणि गच्चीवर उन्हात ठेवल्या. आठ दिवसांनी नऊ बरण्या पांढऱ्या होत्या आणि एक चहा. ती व्हॅनिलाची होती. व्हॅनिला उन्हात, हवेत काळवंडते. गिऱ्हाइकाला गच्चीवर नेऊन ती रांग दाखवली आणि म्हटलं, "आता बघा, कोणाचे हात घाण आहेत." शेठ हसत म्हणाला, "आप्पा, तारा नाकनो वीमो उतराववो पडशे." तुझ्या नाकाचा विमा काढावा लागेल. तेव्हापासून माझं डोकं जरा वरच चढलं होतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

सुमन आमच्याच कारखान्यात बाटल्यांच्या पॅकिंगला होती. माझ्याच गावची, म्हणून मला भाऊ म्हणायची. नवरा लूमवर असतानाच वारला होता. दोन मुली. बमरोलीला आमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहायची. थोरली रेखा घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावायची आणि मला मामा म्हणायची. रेखाचं लग्न भेस्तानच्या दिलीपशी ठरलं. दिलीप पांडेसऱ्याला डाइंगमध्ये, आणि त्याचे चुलते नानाही तिथेच, वीस वर्षं. दिलीपचा बाप नव्हता, त्यामुळे घरात शब्द नानांचा. प्लेगच्या भीतीने गावी पळालेली माणसं सुरतेत परत येऊन स्थिरावली, त्याच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट. साखरपुडा चैत्रात, आणि लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की.

साखरपुड्याला पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचं काम माझं. आता सगळ्यांच्या साखरपुड्यात जे दुकानातलं अत्तर असतं ते माझ्या भाचीच्या साखरपुड्यात मी लावीन का? त्याच महिन्यात मी एक कंपाउंड केलं होतं. अंगावर फवारायच्या कोलनसाठी. शेठने कृती दिली होती, पण ती मी सात वेळा बदलली. त्यात एकवीस नंबर जास्त घातला. एकवीस नंबर म्हणजे परदेशातून येणारं, लिंबाच्या जातीच्या फळाची साल दाबून काढलेलं तेल. तो वास मी काय सांगू? लिंबू सोलताना शेजारच्या खोलीत कोणीतरी ओलं फूल ठेवावं, तसा. माझ्या सव्वीस वर्षांतलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं. शेठला सांगून त्यातलं एक लहान बाटलीभर घरी आणलं.

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजली पाहिजे. कंपाउंड हे जेवणातल्या मिठासारखं आहे. शंभर भाग मालात एक भाग घालायचं. कोलनमध्ये जरा जास्त. पण आम्ही कारखान्यातली माणसं सगळीच ते अख्खं घरी नेत होतो आणि अत्तर म्हणून लावत होतो. लग्नात, सत्यनारायणाला, देवाच्या फोटोला. सगळ्या चाळीत आमचा तोरा असायचा की आमच्याकडे असली माल आहे, पाणी न मारलेला.

साखरपुडा भर दुपारचा, चाळीच्या अंगणात. कापडाचा मांडव आखूड पडला होता. पाहुणे आले तसं मी एकेकाच्या हाताच्या पाठीवर बोट ओढत गेलो. नानांच्या हातावर जरा जास्तच ओढलं, मान म्हणून. बायकांना बाटली दिली. सुमनने रेखाच्या कानामागे, मानेला दोन्हीकडे चांगलं चोपडलं, ते ओघळून खाली गळ्यापर्यंत आलं. सगळं अंगण घमघमलं. नाना हात नाकाशी नेऊन म्हणाले, "आप्पा, हाई काय शे? असा वास कधी लिधा नही." मी म्हटलं, "हे दुकानात मिळत नाही, नाना." बोलून झालं आणि मी आत वाढायला गेलो.

चार दिवसांनी सकाळी सुमन दारात. "भाऊ, पोरले काय व्हयनं देख ना."

रेखाच्या मानेवर उजव्या बाजूला तपकिरी काळे पट्टे उठले होते. कानामागून निघून गळ्यापर्यंत, पागोळीचं पाणी भिंतीवरून उतरावं तसे. डाव्या बाजूला काही नाही. आग होत नव्हती, खाज नव्हती. धुतलं तरी जात नव्हतं.

रेखाने मला तेव्हाच सांगितलं. "मामा, जठे अत्तर लावं व्हतं, तठेच शे हाई."

मी काय म्हणालो ते लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणालो, "तू मला शिकव आता. वीस वर्षं मी त्यात हात घालतोय, माझे हात काळे झाले का? आणि डावीकडे लावलं ते का नाही उठलं?"  पोरीने टिकल्यांचं ताट जवळ ओढलं आणि खाली मान घालून बसली. पदर त्या बाजूने वर घेतला.

चाळीतल्या डॉक्टरने पोटातली उष्णता म्हणून मलम दिलं. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दिलीपची काकू, नानांची बायको, ब्लाउजचं माप न्यायला आली. माप घेताना पदर सरकला. तिने काही विचारलं नाही, चहाही पूर्ण घेतला. दुसऱ्या दिवशी निरोप आला. नाना म्हणतात, मुलीच्या अंगावर चट्टे आहेत हे आम्हाला सांगितलं नव्हतं. आखाजीपर्यंत वाट बघू. चट्टे गेले तर ठीक, नाहीतर नारळ परत.

तुम्ही शहरात वाढलेल्यांना यातलं वजन कळणार नाही. आमच्यात एकदा रोगाचा चट्टा म्हणून लग्न मोडलं की ती गोष्ट सुरतेहून धुळ्याला आधी पोहोचते आणि मुलगी नंतर. रेखाचं तर झालंच, मागे धाकटी होती. सुमन कारखान्यात बाटल्यांना बूच लावायची आणि कोणाशी बोलत नव्हती. रेखा एकदा मला जिन्यात भेटली. म्हणाली, "मामा, माले खरं सांगा. रोग शे का माले?"

मी "नाही" म्हणालो. पण कशाच्या जोरावर म्हणालो? मला माहीत नव्हतं. आणि मला माहीत नाही अशी वासाच्या बाबतीत एकही गोष्ट नाही असं मी वीस वर्षं सांगत आलो होतो.

त्या दिवशी मी पट्ट्या हुंगत बसलो होतो पण डोकं तिच्या मानेवर होतं. एकाच बाजूला का? बाटली तीच, हात सुमनचाच. मग मी साखरपुड्याचं अंगण डोळ्यांपुढे आणलं. रेखा पाटावर बसली होती, तोंड पूर्वेला. मांडव आखूड. उजव्या बाजूचं कापड पोचलं नव्हतं. दोन तास ती बाजू उन्हात होती.

आणि मला गच्चीवरच्या दहा बरण्या आठवल्या.

त्याच दुपारी मी दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते तिथे, त्या कंपाउंडची एकेक रेघ ओढली. डाव्या हाताची बाही वर केली, उजव्याची मनगटापर्यंत खाली घेतली, आणि गच्चीवर जाऊन दोन तास बसलो. खालून शेठ ओरडला, "आप्पा, गच्चीवर शुं करे छे? पापड सुकवे छे?" मी म्हटलं, "हो, माझाच."

तिसऱ्या दिवशी डाव्या हातावर रेघ उठली. तपकिरी, अगदी रेखाच्या मानेसारखी. उजव्या हातावर काही नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाईट वाटलंच नाही. नवल वाटलं. ऊन एकटं काही करत नाही, तेल एकटं काही करत नाही, दोघं भेटले की डाग. आणि माझ्या बोटांना कधी काही का झालं नाही, तेही उलगडलं. मी सावलीत काम करणारा आणि घडीघडी साबणाने हात धुणारा. लावायचं दुसऱ्यांना, धुवायचं मी. वाईट वाटलं ते नंतर, तिचं बोलणं आठवलं तेव्हा. पोरीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पण कुठली जिन्नस? कंपाउंडात एकतीस होत्या. मी माझा डावा हात आणि दोन्ही पोटऱ्या घेतल्या, एकेक जिन्नस टिपक्यासारखी लावली, बाजूला बॉलपेनने नंबर घातला आणि परत गच्चीवर. बायको म्हणाली, "माणूस आहात की भिंतीवरचं कॅलेंडर?" तीन दिवसांनी तीस टिपके गेले आणि एक उठला. एकवीस.

मी शेठच्या खोलीत एकवीस नंबरचा डबा घेऊन गेलो. अॅल्युमिनियमचा, पाण्याच्या कळशीएवढा. शेठच्या समोर पाण्याने माझी चिठ्ठी भिजवली आणि नखाने सोलली. खाली मूळ लेबल. म्हटलं, "शेठ, वाचा."

शेठने चष्मा लावला. पहिली दोन नावं मनात वाचली. मग थांबला. "लखेलुं छे के सीधुं चामडी पर नहीं लगाडवुं. मापमां ज वापरवुं. तडकामां डाघ पडे."

सरळ कातडीला लावू नये. मापातच वापरावं. उन्हात डाग पडतो. हे डब्यावर लिहिलेलं होतं. त्याच्यावर नंबरची चिठ्ठी माझ्या हाताने लागलेली होती, चारी कोपरे दाबून, एकही अक्षर दिसणार नाही अशी. मी त्या कामात पक्का होतो.

शेठ म्हणाला, "कोलनमां तो थोडुं ज छे." मी म्हटलं, "थोडं नाही. मी सात वेळा वाढवलंय."  नंतर शेठने तो माल थांबवला, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. पण त्याआधी दोन खेपा गेलेल्या होत्या. त्या कोणाच्या मानेवर गेल्या, कोणाच्या घरात निरोप आला, मला माहीत नाही. मला हे माहीत नाही, हे आता मी म्हणू शकतो.

नानांची सुट्टी होती त्या दिवशी मी भेस्तानला गेलो. सुमनला बरोबर घेतलं नाही. नाना खाटेवर बसले होते, दिलीप दारात. नानी आत स्टोव्हवर.

"बसा आप्पा," नाना म्हणाले. "पोरनं काय?"

"पोरीला काही नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

हे तीन शब्द मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, घरात बायकोशीसुद्धा नाही. मी शर्टाची बाही वर केली, हात दाखवला, सगळं सांगितलं. तेल, ऊन, चिठ्ठी.

नाना माझा हात फिरवून फिरवून बघत राहिले. मग हसले. "आप्पा, आम्ही रंगखात्यातली माणसं. असा डाग माले पाच मिनिटमा पाडता येस. तुम्ही भाचीसाठी रंग लायी लिधा, चांगली गोष्ट शे. पण माले येडा समजू नका."

मला राग आला. त्यांच्याच घरात, त्यांच्याच खाटेवर बसून मला राग आला. आणि रागात माझी नजर त्यांच्या हातावर गेली. डाइंगच्या माणसाचे हात तुम्ही पाहिले असतील. मनगटापर्यंत निळे, नखांत लाल, कातडीचा खरा रंग त्याच्या बायकोलाही माहीत नसतो.

मी म्हटलं, "नाना, हात धुवा."

 पाहुण्याने यजमानाला हात धुवा म्हणायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

"काय म्हणनात?"

"तुमच्या गिरणीतली हायड्रोची पावडर असेल ना घरात? तिने धुवा. उजवा हात. मी सांगतोय म्हणून धुवा. काही निघालं नाही तर मी उठून जातो आणि नारळ मी स्वतः आणून देतो."

नाना हलले नाहीत. त्यांच्याही अंगात माझ्यासारखाच ताठा होता. शेवटी नानीच उठली. घमेल्यात पाणी आणलं, डब्यातून हायड्रो काढली, ती रंग उडवायला गिरणीत वापरतात. म्हणाली, "धोवा ना. हात धुना म्हणजे काय नाक कापाई जाई?"

नानांनी हात बुडवला. घमेल्यातलं पाणी निळं झालं, मग राखाडी. नाना घासत राहिले. निळा गेला. नखांतला लाल गेला. आत एक म्हाताऱ्या माणसाचा साधा सावळा हात होता. आणि त्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीकडे तिरपी, बोटाच्या रुंदीची एक तपकिरी रेघ होती.

ती माझ्या बोटाची होती. मान म्हणून जरा जास्तच ओढलेली.

"तुम्ही त्या दिवशी कुठे बसला होता, नाना?"

"बाहेर," दिलीपच म्हणाला. "आचाऱ्याजवळ. पूर्ण दुपार."

नानांनी परत हायड्रो घेतली. परत घासलं. रेघ तिथेच. परत घासलं.

नानी म्हणाली, "घासा आजून. कातडं निंघी जाई, पण ती नही निंघाव." मग दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "पोरले चट्टा म्हणीन सोडतस ना? मंग आते मी तुम्हले सोडू का?"

दिलीप तोंड फिरवून हसला. नाना हसले नाहीत. ते हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "हाई जाई का?"

"जाईल. पाच-सहा महिने लागतील."

"तुम्हले कसं माहीत?"

"शेठने माल देणाऱ्याला फोन करून विचारलं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

रेखाचे पट्टे लग्नापर्यंत गेले नाहीत. हळद लागली त्या दिवशीही दिसत होते. पण नानांनी हळदीच्या आधीच सगळ्या भाऊबंदांत स्वतःचा हात फिरवून दाखवला आणि वर ठोकून दिलं की आप्पाचं अत्तर असं शे की कातडीत घुसतं. रेखाला मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" ती म्हणाली, "मामा, राग नही. पण मी सांगं व्हतं." मी म्हटलं, "हो. तू सांगितलं होतंस." तिला तेवढंच पाहिजे होतं.

कोलन पुढे नव्याने केलं. एकवीस नंबरच्या जागी त्याच फळाचं, पण ते डाग पाडणारं काढून टाकलेलं महाग तेल आलं. वास चांगला होता. लोकांना आवडला. पण त्यात ते ओलं फूल नव्हतं. माझं सगळ्यांत चांगलं काम मीच मोडलं, आणि ते मोडायलाच पाहिजे होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि डब्यांच्या लेबलांचं म्हणाल तर त्यानंतर चिठ्ठी चिकटवायच्या आधी मी शेठला प्रत्येक लेबल मोठ्याने वाचायला लावायचो. शेठ कुरकुरायचा. पण वाचून होईपर्यंत मी बूच उघडायचो नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मी दुकानातून साधं गुलाबाचं अत्तर आणलं होतं, चार ठिकाणी विचारून. बाटली घेऊन मांडवात शिरलो तसे पुढच्या रांगेतल्या लोकांचे हात खिशात गेले. एकजण तर नमस्कार करून मागे सरकला. मी बाटली घेऊन उभा. आयुष्यात माझ्या अत्तराला कोणी हात मागे घेतला नव्हता.

तेव्हा नाना उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उजवा हात पुढे केला, त्यावर ती रेघ अजून होती. मी बूच काढलं. नाना म्हणाले, "थांबा."

त्यांनी मांडवाचं कापड जरा बाजूला सारलं आणि पश्चिमेकडे बघितलं. गिरण्यांच्या धुराड्यांच्या मागे सूर्य पार गेला होता. तरी त्यांनी थोडा वेळ बघून घेतलं.

"हां," ते म्हणाले. "आते लावा."